निळ्या पानांवरची शैवाले

छायाचित्रणाच्या इतिहासावरचे कोणतेही नवे पुस्तक उघडले, तर त्यात ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंचे नाव आता हमखास सापडते. त्यांच्या 'फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्गी : सायनोटाइप इम्प्रेशन्स' या पुस्तकाचा पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले १८५३ मध्ये. छायाचित्रे असलेले हे जगातील पहिले पुस्तक. टॅलबट यांचे प्रसिद्ध 'द पेन्सिल ऑफ नेचर' त्यानंतर, जून १८४४ पासून भागाभागाने निघू लागले. पहिलेपणाचा हा मान ॲटकिन्सबाईंना उशिरा मिळाला. पुस्तकावर त्यांनी पूर्ण नाव न घालता 'ए. ए.' एवढीच अक्षरे घातली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती अक्षरे 'ॲनॉनिमस ॲमॅच्युअर' म्हणजे 'कुणी अनामिक हौशी' अशीही वाचली गेली! लॅरी शाफ यांनी १९८५ साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले तेव्हा कुठे या बाईंची नीट ओळख झाली.

आता मात्र गाडी दुसऱ्या टोकाला गेली आहे. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, नाजूक शैवाले. जणू समुद्रच कागदावर उतरला आहे, अशा शब्दांत या पानांचे कौतुक होते. पाने सुंदर आहेत यात शंकाच नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्याकडची प्रत संगणकाच्या जाळ्यावर सर्वांसाठी खुली केली आहे, तेव्हा कोणत्याही शिक्षकाला ती आज घरबसल्या पाहता येते. पण हे पुस्तक शोभेसाठी काढलेले नव्हते. विल्यम हार्वे यांचे ब्रिटिश शैवालांवरचे मार्गदर्शक पुस्तक १८४१ साली निघाले, त्यात चित्रे नव्हती. ही उणीव भरून काढणे हा ॲटकिन्सबाईंचा उघड हेतू होता. हार्वे यांचे वर्णन वाचावे, शेजारी हे पान ठेवावे आणि हातातले शैवाल ओळखावे, अशी कल्पना. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकाने या पुस्तकाला विचारायचा प्रश्न हाच, की शैवाल ओळखायला ते कितपत उपयोगी पडते?

प्रस्तावनेत बाई म्हणतात की अनेक शैवाले इतकी बारीक असतात की त्यांची अचूक चित्रे काढणे कठीण. म्हणून हर्शेल यांच्या सायनोटाइप पद्धतीचा आधार घेतला. हे वाचून कोणाला वाटेल की त्यांना चित्रे काढता येत नसावीत. वस्तुस्थिती उलट आहे. त्यांचे वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे रसायनशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ. ते ब्रिटिश म्युझियममध्ये काम करीत आणि काही वर्षे रॉयल सोसायटीचे सचिव होते. लामार्क यांच्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले (१८२२–२४), त्यासाठी अडीचशेच्या आसपास आकृत्या मुलीने काढल्या होत्या. ज्या काळी रॉयल सोसायटीचे दरवाजे स्त्रियांना बंद होते त्या काळी, १८३९ साली, ॲटकिन्सबाई लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीच्या सभासद झाल्या. म्हणजे शंखाची आकृती ज्या हाताने सहज काढली, त्याच हाताने शैवालापुढे पेन्सिल खाली ठेवली. न जमणाऱ्या माणसाने चित्रकला सोडली तर त्यात विशेष काही नाही. उत्तम जमणाऱ्या व्यक्तीने सोडली, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय समजून तपासला पाहिजे.

त्यासाठी आधी पद्धत समजून घेऊ. सर जॉन हर्शेल हे खगोलशास्त्रज्ञ म्हणून आपल्याला माहीत असतात. पण हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हा शोध त्यांचाच (१८१९). त्यांनी १८४२ साली लोखंडाच्या क्षारांवर आधारलेली एक पद्धत प्रसिद्ध केली, ती सायनोटाइप. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे एकत्र करून कागदावर फासायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर वस्तू ठेवून वर काच दाबायची आणि सगळे उन्हात ठेवायचे. जेथे ऊन पोहोचते तेथे फेरिक आयनाला सायट्रेटकडून एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि त्याचे फेरस आयनात क्षपण होते. हा फेरस आयन फेरिसायनाइडशी संयोग पावून प्रशियन ब्लू हे न विरघळणारे निळे द्रव्य तयार होते. जेथे सावली होती तेथील क्षार मात्र जसेच्या तसे राहतात आणि साध्या पाण्याने धुऊन जातात. डेव्हलपर नाही, हायपो नाही, लाल दिव्याची अंधारखोलीही नाही.

बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येईल की प्रात्यक्षिकात फेरस आयन ओळखायची कसोटी हीच. पोटॅशियम फेरिसायनाइडने फेरस आयनाचा निळा साका येतो, त्याला आपण टर्नबुल ब्लू म्हणतो; फेरोसायनाइडने फेरिक आयनाचा येतो, त्याला प्रशियन ब्लू. हे दोन वेगळे पदार्थ आहेत असे सांगणारी गाईडे अजून मिळतात. विसाव्या शतकातील अभ्यासाने ते दोन्ही मूलतः एकच ठरले आहेत. साका तयार होताना इलेक्ट्रॉन एका लोखंडाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे सुरुवात कशानेही केली तरी शेवट सारखाच होतो.

मग ही सोपी आणि स्वस्त पद्धत सोडून सगळे जग चांदीच्या मागे का लागले? कारण चांदीच्या फिल्मवर प्रकाशाने करायचे काम फारच थोडे असते. सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणात चांदीचे मोजके अणू सुटे झाले की पुरे. डेव्हलपरमधील मेटॉल, हायड्रोक्विनोन यांसारखी क्षपणकारके पुढे तो संपूर्ण कण चांदीत रूपांतरित करतात. हे वर्धन कोट्यवधी पटींचे असते, म्हणून कॅमेऱ्याची झाप सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ उघडली तरी भागते. (दहावीच्या विज्ञानात सिल्व्हर ब्रोमाइडचे प्रकाशाने अपघटन होते एवढे एक वाक्य येते आणि डेव्हलपरचे नावही येत नाही, ही मला नेहमीच खटकणारी गोष्ट आहे. त्या वाक्यावरून मुलांचा समज होतो की प्रकाशानेच सगळे चित्र काळे होते.) सायनोटाइपमध्ये असे वर्धन नाही. निळ्याचा प्रत्येक कण प्रकाशाला स्वतःच घडवावा लागतो, तोही मुख्यतः अतिनील आणि जांभळ्या किरणांना. म्हणून कॅमेऱ्यासाठी ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी. वस्तू कागदाला भिडवून तिची सावली टिपणे, एवढेच तिच्याकडून करवून घेता येते.

आपल्या भाषेतला 'छायाचित्र' हा शब्द इथे अक्षरशः खरा होतो. कॅमेऱ्याने काढलेले चित्र हे वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे असते, त्यात छायेचा संबंध दूरचा. ॲटकिन्सबाईंचे प्रत्येक पान मात्र निव्वळ छायेचे आहे, आणि या पुस्तकाचे गुणदोष बहुतेक सगळे या एकाच गोष्टीतून निघतात.

प्रथम गुण पाहू. डिक्टिओटा डायकोटोमा या शैवालाचे पान घ्या. (या वंशातील शैवाले आपल्या कोकण किनाऱ्यावरही सापडतात.) त्याची फीत प्रत्येक टप्प्यावर दोनांत विभागत जाते, नावातच ते आले आहे. हाताने काढताना चित्रकार दोन-तीन फाटे मन लावून काढतो आणि पुढचे सवयीने, म्हणजे पहिल्यांसारखेच, काढून टाकतो. छायेत ती सोय नाही. प्रत्येक फाटा जेवढा रुंद, जेवढा वाकडा, तेवढाच उमटतो. कुठे टोक तुटले असेल तर तुटलेलेच उमटते. शिवाय पातळ भागातून थोडे किरण आरपार जात असल्याने तेथे फिकट निळी छटा येते, दोन फाटे एकमेकांवर आले असतील तर तेवढी जागा अधिक पांढरी दिसते. आणि याच पानावर बाईंनी कोवळ्या अवस्थेतला आणि बीजाणू धरलेला असे दोन्ही नमुने मांडले आहेत. निवड करणारी नजर वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाची आहे, हे अशा पानांवरून कळते. सिस्टोसायराचे जाळीदार फांद्यांचे पानही असेच. ते पेन्सिलीने काढायला बसणाऱ्याची मला दया आली असती.

आणखी एक गुण बहुतेक रसिकांच्या नजरेतून सुटतो. कागदाला भिडवून घेतलेला ठसा वस्तूच्याच आकाराचा असतो. पट्टी घेऊन पानावर मोजमाप करता येते. प्रमाण लिहिलेले नसले तरी ते एकास एक आहे याची खात्री असते. वर्गातील किती आकृत्यांबद्दल आपण असे म्हणू शकू?

आता दोष. हार्वे यांनी शैवालांचे मुख्य गट पाडले होते ते रंगावरून : तपकिरी, लाल आणि हिरवी. १८३६ साली त्यांनी केलेली ही विभागणी इतकी पक्की ठरली की आपण आजही त्याच नावांनी सुरुवात करतो. आणि त्यांच्या पुस्तकाला जोड म्हणून निघालेल्या या पुस्तकात सगळी शैवाले एकाच रंगाची! लाल शैवालही निळ्यावर पांढरे आणि हिरवेही निळ्यावर पांढरे. ओळखण्याची पहिली पायरीच या पुस्तकात गाळली गेली आहे. 'समुद्राचा निळा' म्हणून ज्या रंगाचे कोडकौतुक होते तो शैवालाचा नाही, समुद्राचाही नाही. तो प्रशियन ब्लूचा आहे. याच पद्धतीने पुढे अभियंते नकाशांच्या प्रती काढू लागले तेव्हा त्याही अशाच निळ्या आल्या आणि 'ब्लू प्रिंट' हा शब्द रूढ झाला. (आपल्याकडे बांधकामाच्या नकाशांच्या ज्या अमोनियाच्या वासाच्या प्रती मिळत असत, त्यांनाही लोक ब्लू प्रिंटच म्हणत. त्यांचे रसायन निराळे, आणि पांढऱ्यावर निळी रेघ अशी त्यांची तऱ्हाही उलटी.)

दुसरा दोष जाड शैवालांचा. लॅमिनेरियासारख्या मांसल पट्ट्यातून किरण फारसे जातच नाहीत. पानावर उरते ती पांढरी बाह्याकृती, आत तपशील शून्य. शिवाय जाड वस्तू कागदाला सगळीकडे सारखी टेकत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दहा मिनिटांत अडीच अंश. कागदापासून एक मिलिमीटर उंच असलेल्या कडेची सावली तेवढ्यात सुमारे ०.०४ मिलिमीटर सरकते. ढगाळ आकाशाचा सर्व बाजूंनी येणारा प्रकाश ती याहून पुष्कळ अधिक पुसट करतो. बारीक तंतूंच्या शैवालांसाठी पेन्सिल सोडण्याचा बाईंचा निर्णय मला पूर्णपणे पटतो. जाड शैवालांसाठीही तीच पद्धत रेटणे पटत नाही. तिथे त्यांची स्वतःची शंखांवर तयार झालेली पेन्सिल अधिक काही सांगून गेली असती.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. 'निसर्गाने स्वतःच काढलेले चित्र' असे त्या काळी छायाचित्राला म्हणत. जे डोळ्यांना दिसते तेच तटस्थपणे कागदावर येते, असा त्यामागचा विश्वास. पण सायनोटाइपच्या कागदाला डोळ्यांसारखे दिसत नाही. पिवळसर तपकिरी फीत उजेडासमोर धरली तर आपल्याला पारदर्शक वाटते. तिच्यातील रंगद्रव्ये नेमके निळे-जांभळे किरण शोषतात, त्यामुळे कागदाच्या दृष्टीने ती बरीचशी अपारदर्शक असते. ठशातील फिकी-गडद छटा ही शैवालाच्या जाडीची आहे की रंगद्रव्याची, हे ठसा सांगत नाही. यंत्र किंवा रसायन खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याला कोणता प्रश्न विचारला गेला आहे हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

प्रतींचाही प्रश्न आहे. या पद्धतीत निगेटिव्ह नसल्याने प्रत्येक ठशासाठी शैवाल पुन्हा मांडून पुन्हा ऊन द्यावे लागे. सुमारे ४०० पाने धरली आणि डझनभर प्रती धरल्या (आज त्याहून अधिक माहीत आहेत, त्यांतल्या काही अपुऱ्या), तरी ४,८०० वेळा ही खटपट झाली असे निघते, तीही इंग्लंडच्या उन्हात! मजकूरसुद्धा हाताने लिहून त्याचेही असेच ठसे घेतले आहेत. या चिकाटीपुढे मान तुकवावीच लागते. परंतु संदर्भग्रंथ म्हणून यात मोठीच अडचण होते. दोन प्रतींतील एकाच नावाचे पान हुबेहूब एकसारखे असेलच असे नाही. नमुना झिजला की दुसरा येई, मांडणी बदले. दोन गावांतील अभ्यासकांनी 'अमुक पानावरचे शैवाल' म्हणावे आणि दोघांपुढे दोन वेगळी रोपे असावीत, असे ग्रंथाच्या बाबतीत चालत नाही.

हार्वे यांनी स्वतः १८४६ ते १८५१ या काळात 'फायकोलॉजिया ब्रिटानिका' हा ग्रंथ काढला. त्यात रंगीत शिळाछाप चित्रे आहेत, आणि शेजारी सूक्ष्मदर्शकातून दिसणारे छेद आणि प्रजननांगे वेगळी काढून दाखवली आहेत. ओळखण्याच्या कामी तो सरस ठरला यात नवल नाही. हार्वे यांचे चित्र हे एका रोपाचे नसते. अनेक रोपे पाहून त्या जातीचे जे रूप मनात पक्के झाले, त्याचे असते. ॲटकिन्सबाईंचे पान हे त्या दिवशी त्या कागदावर असलेल्या एका रोपाचे असते. हार्वे यांच्या चित्रात त्यांचे ज्ञान आहे, आणि त्यांची चूकही असू शकते. बाईंच्या पानात वनस्पतिशास्त्राचे ज्ञान निवडीपुरते आहे. बाकीचा आहे तो पुरावा. हार्वे काही चुकीचे समजले असतील तर ते त्यांच्या चित्रावरून शोधता येणार नाही. बाईंनी एखाद्या नमुन्याला नाव चुकीचे दिले असेल, तर पावणेदोनशे वर्षांनीही तो ठसा पाहून तज्ज्ञ ते दुरुस्त करू शकतो. म्हणून हे पुस्तक ओळखण्याच्या कामी निम्मे फसले असे म्हणत असतानाच, त्याला नुसते शोभेचे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

हा जुना वाद आज आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा आला आहे. जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये पेन्सिलीने आकृती काढून नावे द्यायची हा आपला परिपाठ. आता मुले सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर मोबाइल धरून फोटो घेतात आणि विचारतात, 'सर, हाच छापून लावला तर?' जुन्या वळणाचे शिक्षक यावर रागावतात. पण त्यांनी हेही मान्य केले पाहिजे की जर्नलातील बहुतेक आकृत्या नमुना पाहून काढलेल्या नसतात. त्या गेल्या वर्षीच्या जर्नलवरून किंवा पुस्तकावरून उतरवलेल्या असतात. अशा आकृतीत हार्वेंचे ज्ञान नाही आणि ॲटकिन्सबाईंचा पुरावाही नाही. तिच्यापेक्षा मोबाइलचा फोटो शंभर पटींनी बरा, निदान त्या मुलासमोर त्या दिवशी काय होते ते तरी त्यात आहे. मात्र फोटो लावून काम संपले असे मानले, तर पेशीभित्तिका कोणती आणि हवेचा बुडबुडा कोणता हे त्या मुलाला सांगता येते का, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

ज्यांना हे वर्गात करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे तपशील. फेरिक अमोनियम सायट्रेटचा हिरवा प्रकार घ्यावा (हेच रसायन रक्तवाढीच्या काही टॉनिकांत असते, हे ऐकून मुलांना गंमत वाटते). त्याचे २५ ग्रॅम पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर करावे. दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइडचे १० ग्रॅम घेऊन तसेच. दोन्ही बाटल्या गडद रंगाच्या असाव्यात. वापरायच्या वेळीच समभाग मिसळून, साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात ब्रशने जाड ड्रॉइंग पेपरवर फासावे. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ जाऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. हातमोजे घालावेत, कारण डाग निघत नाहीत. आपल्या दुपारच्या उन्हात पाच ते दहा मिनिटे पुरतात. पावसाळ्यात कागद दमट राहतो आणि ठसा डागाळतो, तेव्हा हा उद्योग हिवाळ्यात करावा. धुतल्यावर रंग फिका वाटला तरी घाबरू नये, हवेतील ऑक्सिजनने तो दिवसभरात गडद होतो. बोअरचे पाणी अल्कधर्मी असेल तर निळा रंग उडू लागतो, तेव्हा पहिल्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालावे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक तुकडा मुद्दाम बुडवून तो पिवळा पडताना दाखवला तर तेही एक प्रात्यक्षिक होते.

शैवाल मिळणार नाही तेथे नेचा घ्यावा. पान पातळ असेल आणि ऊन पुरेसे दिले, तर बीजाणुपुंजांचे ठिपके अधिक पांढरे उमटलेले दिसतात. मुलांना ते मोजायला सांगावे, आणि मग विचारावे की हे ठिपके पानाच्या वरच्या बाजूला आहेत की खालच्या? ठशावरून ते सांगता येत नाही. पान उलटून पाहावे लागते.